बिअर नाही, दाढी नाही, रविवारी मॅच नाही… आणि स्टेडियम फुल!

हेडफोन लावा, बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा. आज आपण जाणार आहोत अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्हो नावाच्या गावात. विषय आहे कॉलेज फुटबॉल.

आधीच सांगतो, हा मेस्सीवाला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि चेंडू फेकणारा जो मुख्य खेळाडू असतो त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. एवढं कळलं की आजच्यापुरतं पुरे.

प्रोव्होमध्ये ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी आहे, सगळे तिला बीवायू म्हणतात. 1875 साली स्थापन झालेली, आणि ज्यांना आपण मॉर्मन म्हणून ओळखतो त्या चर्चच्या मालकीची. इथे शिकायचं तर प्रत्येकाला ‘ऑनर कोड’ मान्य करावा लागतो. कॉपी करायची नाही, हे तर आलंच. शिवाय दारू नाही, सिगारेट नाही. लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत. मुलांनी दाढी ठेवायची नाही. कॉफी नाही. आणि आता मन घट्ट करा… चहासुद्धा नाही!

माझी गंमत बघा. बीवायूच्या काही मॅच तिथल्या शनिवारी रात्री सव्वाआठला सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ, पावणेआठ. म्हणजे मी पुण्यात आल्याच्या चहाचे घोट घेत ज्या टीमसाठी ओरडत असतो, त्या टीममधल्या एकालाही तो कप चालत नाही.

आपल्याला हॉस्टेलचे रेक्टर माहीत आहेत. साडेनऊला गेट बंद, ‘कुठे होतास?’, ‘घरी फोन लावू का?’ पण रेक्टरच्या नियमांसाठी आपण कधी टाळ्या वाजवल्या आहेत का? बीवायूचे चाहते वाजवतात. त्यांच्यासाठी हे नियम टीमच्या जर्सीचाच भाग आहेत.

त्यांचं स्टेडियम आहे लॅव्हेल एडवर्ड्स स्टेडियम, 60 हजारांहून जास्त लोक बसतात. पाठीमागे डोंगर, एकदम वॉलपेपरसारखे. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हटलं की पार्किंगमध्ये बिअरचे कॅन आलेच. इथे लोक खातात ‘कूगर टेल’, म्हणजे 16 इंच लांबीचा, मेपलची साखर लावलेला डोनट. साधा कॅफीनवाला कोलासुद्धा या कॅम्पसवर 2017 पर्यंत विकत मिळत नव्हता. आणि कुठल्याच खेळाची टीम रविवारी खेळत नाही, समोर कितीही मोठी स्पर्धा असो. बरं, ज्यांच्या नावानं ही युनिव्हर्सिटी आहे त्या ब्रिगहॅम यंग यांचा पुतळा कॅम्पसवर आहे, आणि पुतळ्याला मस्त दाढी आहे. तिथली मुलंच यावर सगळ्यात जास्त जोक करतात.

आता कुणी म्हणेल, एवढ्या बंधनांत टीम काय खेळणार? तर ऐका. लॅव्हेल एडवर्ड्स हे कोच 1972 ते 2000 इथे होते, 257 मॅच जिंकले. 1984 साली टीमनं 13 पैकी 13 मॅच जिंकल्या, शेवटची मिशिगनविरुद्ध 24-17, आणि देशात पहिला नंबर पटकावला. 1990 मध्ये इथल्याच टाय डेटमरला हाइझमन ट्रॉफी मिळाली, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा वैयक्तिक मान. अनेक खेळाडू मधली दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात आणि मग परत येऊन खेळतात. त्यामुळे समोरच्या टीमचे लोक चिडवतात, ‘अरे, ही कॉलेजची पोरं आहेत की काका लोक?’

तर चाहत्याचा अभिमान असा आहे: आमची मुलं वेगळी आहेत, आणि वेगळी राहूनही जिंकतात. स्टँडमधले कित्येक लोक स्वतः त्याच चर्चचे. शाळेत, ऑफिसात ‘तू चहा-कॉफी का घेत नाहीस?’ या प्रश्नाला आयुष्यभर उत्तर देत आलेले. टीम जिंकली की त्यांना वाटतं, आपल्या जगण्याला कुणीतरी सगळ्या देशासमोर शाबासकी दिली. हे मला मनापासून समजतं. कुणालाही आवडेल असं.

पण या अभिमानाचं बिल कोण भरतं? इथे गोष्ट अवघड होते.

2011 चं बास्केटबॉल बघा. बीवायूची टीम 27 जिंकून फक्त 2 हरली होती, देशात तिसरा नंबर. आणि मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर ब्रँडन डेव्हिस या खेळाडूला ऑनर कोड मोडला म्हणून उरलेल्या सीझनसाठी बाहेर बसवलं. पुढचीच मॅच घरच्या मैदानावर 82-64 अशी हरले. खूप जणांनी युनिव्हर्सिटीचं कौतुक केलं: बघा, जिंकण्यापेक्षा तत्त्व मोठं! दुसरीकडे, शिक्षा होणाऱ्या खेळाडूंमध्ये कृष्णवर्णीय मुलं जास्त का दिसतात, हा प्रश्नही माध्यमांत विचारला गेला. डेव्हिस पुढच्या सीझनला परत आला आणि खेळला. पण 19-20 वर्षांच्या एका मुलाची खाजगी गोष्ट तोवर देशभर चघळून झाली होती.

आता फुटबॉल. जेक रेट्झलॅफ. मॉर्मन युनिव्हर्सिटीचा ज्यू क्वार्टरबॅक! चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, ‘बीवायज्यू’ हे टोपणनाव त्यानंही हसत स्वीकारलं. 2024 मध्ये त्याच्या टीमनं 11 मॅच जिंकल्या, 2 हरल्या. मग 2025 च्या मे महिन्यात त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणारा दिवाणी दावा दाखल झाला. त्यानं आरोप नाकारला, संबंध संमतीनं होते असं त्याच्या बाजूनं सांगण्यात आलं. जूनअखेर दोन्ही बाजूंच्या सहमतीनं दावा कायमचा बंद झाला. कोर्टाचा विषय तिथे संपला. पण संमतीनं का होईना, संबंध होते म्हटल्यावर ऑनर कोड मोडला. बातम्या आल्या की त्याला 7 मॅच बाहेर बसावं लागणार. रेग्युलर सीझनच असतो 12 मॅचचा. तो बीवायू सोडून टुलेन युनिव्हर्सिटीत गेला.

चाहते म्हणतात, ‘सही केली होती ना त्यानं?’ केली होती. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. शब्द दिला तर पाळावा, हे आपल्यालाही घरी शिकवलेलं असतं. आणि स्टार खेळाडूला वेगळा नियम लावला नाही, याला मी मान देतो. आपल्याकडे नियम कुणासाठी वाकतो ते आपण रोज बघतो.

माझं म्हणणं चाहत्यांबद्दल आहे. साध्या विद्यार्थ्यानं नियम मोडला तर ती गोष्ट एका ऑफिसच्या चार भिंतींत राहते. खेळाडू शनिवारी मैदानात दिसला नाही की सगळ्या देशाला कळतं. आणि जो माणूस स्टँडमध्ये बसून ‘आमच्याकडे शिस्त आहे’ म्हणून छाती फुगवतो, त्याचं त्या शनिवारी काहीच जात नाही. तो नवीन क्वार्टरबॅकचं नाव पाठ करतो. झालंही तसंच. बेअर बाकमायर नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा आला, टीमनं रेग्युलर सीझनच्या 12 पैकी 11 मॅच जिंकल्या, स्टेडियम पुन्हा फुल.

नियम बदलू शकतात, हेही तिथल्या मुलांनीच दाखवलंय. 2016 मध्ये काही विद्यार्थिनी पुढे आल्या. लैंगिक अत्याचाराची तक्रार केली, तर ऑनर कोडखाली आपलीच चौकशी झाली, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर युनिव्हर्सिटीनं ठरवलं की तक्रार करणाऱ्यावर त्या प्रसंगासाठी ऑनर कोडची कारवाई होणार नाही. 2019 मध्ये विद्यार्थी कॅम्पसवर जमले, आणि चौकशीची पद्धत बदलली. त्यातल्या अनेकांना ऑनर कोड हवाच होता. तो माणसासारखा वापरा, एवढीच त्यांची मागणी होती. मला विचाराल तर टीमवर, कॉलेजवर प्रेम करायची ही सगळ्यात अवघड रीत आहे. ओरडणं सोपं असतं.

म्हणून आजचा प्रश्न तुमच्यासाठी. तुमची आवडती टीम, तुमचा हिरो, तुमचं कॉलेज… ज्या नियमांचा तुम्हाला अभिमान आहे, ते पाळण्याची किंमत कोण देतंय? तुम्ही, की तुमच्या वाटची दुसराच कुणीतरी? आणि तो चुकला, तर पुढच्या शनिवारी तुम्हाला त्याचं नाव आठवेल का?

व्हॉइस नोट पाठवा, वाट बघतो. मी आता चहा टाकायला जातोय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत मजेत राहा!