चाल आली, शब्द अडले

लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरच्या घरात बीटल्स या बँडचा पॉल मॅकार्टनी एका सकाळी जागा झाला, तो स्वप्नात ऐकलेली चाल घेऊनच. पियानोवर त्याने ती पक्की केली. शब्द मात्र सुचेनात! मग त्याने चक्क न्याहारीच्या अंड्यांवरचे डमी शब्द बसवले. चाल नकळत कुठून उचलली तर नाही ना, या शंकेने ओळखीच्यांना ती ऐकवत राहिला. मे १९६५ मध्ये पोर्तुगालमध्ये लिस्बनहून अल्बुफेराला जाताना, मोटारीच्या लांबच्या प्रवासात, खरे शब्द जुळत गेले. १४ जूनला ‘यस्टरडे’ ध्वनिमुद्रित झालं.

डमी शब्दांची ही युक्ती आपल्याकडच्या संगीतकारांनाही चांगली ठाऊक आहे. अर्थ नसला तरी चालेल. ओळीची लांबी, खटके, श्वासाच्या जागा ठरून जातात आणि गीतकाराला मोकळ्या मनाने शब्द शोधता येतात. अडलेल्या गाण्यावर इतका साधा उपाय दुसरा क्वचितच असेल.

जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सचाच जॉर्ज हॅरिसन ‘समथिंग’च्या दुसऱ्या ओळीवर अडला. जॉन लेननने सुचवलं: नेमका शब्द मिळेपर्यंत मनात येईल ते म्हण, अगदी फ्लॉवरसुद्धा! त्याच वर्षी सप्टेंबरात ते गाणं ‘ॲबी रोड’ अल्बममध्ये पूर्ण होऊन आलं.