पाण्यातले प्रतिबिंब

डोळ्यांचा विषय आज कानांना सांगावयाचा आहे. तेव्हा प्रथम माझी एक चूक सांगतो.

मी शाळेत चित्रकला शिकवीत असता एका मुलाने नदीवरच्या पुलाचे चित्र आणले. पाण्यातल्या पुलाला त्याने कमानींची खालची, आतली बाजू काढली होती. मी लाल पेन्सिलीने ती खोडली. म्हटले, "अरे, वर जे दिसत नाही ते खाली कुठून आलं?" पोर म्हणाले, "गुरुजी, पाण्यात दिसलं तसंच काढलं." मी काही ऐकले नाही. चार दिवसांनी घाटावर उभा राहिलो आणि पाहिले, तो पोराचेच खरे! आपण पुलाकडे काठावरून पाहतो. पाणी त्याच्याकडे खालून पाहते. प्रतिबिंब म्हणजे चित्राची उलटी नक्कल नव्हे, हे मला त्या पोराने शिकविले. वर्गात मी चूक कबूल केली. पण तो मुलगा पुन्हा पहिल्यासारखा वही घेऊन पुढे येईना.

असे आपल्या हातून होऊ नये म्हणून एक सोपा प्रयोग करा. घरातला आरसा जमिनीवर आडवा ठेवा; हे आपले तळे. त्यावर पेन्सिल उभी धरा. जेवढी वर, तेवढीच खाली दिसेल. आता ती उजवीकडे कलवा. प्रतिबिंबही उजवीकडेच कलते. माडाचे चित्र काढताना मुले नेमकी इथे चुकतात; खालचा माड डावीकडे नेतात. मग पेन्सिल आपल्याकडे कलवा. आता प्रतिबिंब पेन्सिलीपेक्षा लांब दिसेल. शेवटी आरशाच्या पलीकडे, काठापासून दूर तांब्या ठेवा. त्याचा फक्त वरचा भाग आरशात उतरेल. काठापासून आत असलेल्या देवळाचा नुसता कळसच पाण्यात का दिसतो, ते आता ध्यानात येईल. मोजायचे ते काठापासून नव्हे. देवळाच्या पायाखाली पाण्याची पातळी जिथे येईल, तिथून.

आता रंगाचे पाहू. उजळ वस्तू पाण्यात किंचित मळकट दिसते आणि काळोखी वस्तू किंचित फिकी. म्हणून पांढऱ्या भिंतीचे प्रतिबिंब कोऱ्या कागदाइतके पांढरे ठेवू नये. पायाशी पाहिले तर पाण्याचा तळ दिसतो, दूर पाहिले तर आभाळ; म्हणून सारे पाणी एकाच निळ्या रंगाने भरू नये. वारा सुटला की प्रतिबिंब आपल्या दिशेने लांबते आणि आडवे तुटते. गढूळ पाण्यावर सावलीही पडते. सावली आणि प्रतिबिंब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सावली सूर्याप्रमाणे हलते, प्रतिबिंब पाहणाराप्रमाणे.

रंगवताना कागद ओलसर असतानाच कुंचला वरून खाली ओढावा, म्हणजे कडा मऊ राहतात. मग पिळलेल्या ओल्या कुंचल्याने एकदोन आडव्या रेघांचा रंग टिपून घ्यावा. तेवढ्याने पाणी सपाट पसरते. रेघा फार झाल्या की पाण्याची चटई होते!

यासाठी भारी सामान लागत नाही. कोल्हापूरचे अबालाल रहिमान १९३१ साली वारले. मुंबईच्या कलाशाळेत शिकून ते गावी परतले आणि कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवीत राहिले. तळे तेच, पण सकाळचे निराळे, संध्याकाळचे निराळे. आपल्याही गावाला नदी, तळे, निदान पावसाळ्यात भरलेले खाचर तरी असतेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना तेथे घेऊन जा. पाण्याच्या काठी मोठे माणूस जवळ असू द्या. आधी पाच मिनिटे नुसते पाहू द्या, मग कागद द्या. आणि एखाद्याने आपल्या समजुतीबाहेरचे काही काढले, तर लाल पेन्सिल उचलण्याआधी त्याच्या शेजारी, त्याच्या उंचीला बसून पाण्याकडे एकवार पाहा. कदाचित त्याचेच खरे असेल.