ई-पुस्तकातील हरवलेल्या फाइली : कारणे आणि उपाय



शाळेचे वार्षिक असो, ग्रामपंचायतीची माहितीपुस्तिका असो वा गावाचा इतिहास, तो ई-पुस्तकाच्या रूपाने सिद्ध करण्याची सोय आता साध्या संगणकावरही उपलब्ध आहे. सिजिलसारखे संपादन-साधन त्यासाठी विनामूल्य मिळते. परंतु महिनोन्महिने श्रम करून तयार केलेले पुस्तक उघडताना ‘फाइल सापडत नाही’ अशी सूचना येते आणि काम अडते. अशा वेळी सर्व मजकूर पुन्हा टंकलिखित करण्यापूर्वी पुस्तकाची रचना समजून घेणे इष्ट होय.

ईपब पद्धतीचे पुस्तक म्हणजे वस्तुतः एक झिप गठ्ठा असतो. प्रकरणे, चित्रे व मांडणीचे नियम यांच्या स्वतंत्र फाइली त्यात असतात. कार्यालयीन दप्तराला जशी सूची, तशी येथे ‘मॅनिफेस्ट’ ही यादी असते; वाचनाचा क्रम ‘स्पाइन’ ठरविते. यादी आणि गठ्ठा यांचा मेळ तुटला की दोष उद्भवतो.

याची कारणे प्रामुख्याने तीन. पहिले, गठ्ठा सोडून फाइलीचे नाव परस्पर बदलणे. सिजिलच्या आतूनच नाव बदलल्यास संबंधित दुवेही आपोआप दुरुस्त होतात. दुसरे, अक्षरभेद. रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर ई-पुस्तकात भिन्न मानले जाते. मराठीतील ‘ऱ’ तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो. डोळ्यांना नावे सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती निराळी भासू शकतात. म्हणून फाइलींची नावे लहान रोमन अक्षरांत व अंकांत, मध्ये जागा न सोडता ठेवावीत. तिसरे, गठ्ठा पुन्हा बांधताना बाहेरचे फोल्डरही आत जाणे. तसे झाल्यास मूळ निर्देशक फाइलच सापडत नाही. ‘माइमटाइप’ ही फाइल गठ्ठ्यात सर्वप्रथम व न आवळता ठेवावी लागते, हेही ध्यानात असावे.

दुरुस्तीपूर्वी पुस्तकाची एक प्रत अलग ठेवावी. नंतर ‘ईपबचेक’ या साधनाने तपासणी करावी. ते दोषाची फाइल व शक्य तेथे ओळही दाखविते. एका हरवलेल्या फाइलीमुळे अनेक सूचना येऊ शकतात, म्हणून एकेक दोष दूर करून पुन्हा तपासावे.

यादीतील नोंद खोडली म्हणजे तक्रार कदाचित थांबेल. परंतु हरवलेला नकाशा वा छायाचित्र त्याने परत येत नाही. ते जुन्या प्रतीतूनच आणावे लागते. यास्तव प्रत्येक टप्प्यावर तारीख घालून प्रत राखणे, हाच खरा उपाय होय.