कॅमेऱ्याची साक्ष आणि प्रचाराचे युद्ध



कथापट पाहताना प्रेक्षक सावध असतो; समोरचे सारे रचलेले आहे, हे त्याला ठाऊक असते. माहितीपटापुढे मात्र तो निःशंक होऊन बसतो. प्रचारयुद्धात या माध्यमाला जे मोल आले, ते या विश्वासामुळे.

१९३४च्या सप्टेंबरमध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी पक्षाचे अधिवेशन भरले. त्यावरचा लेनी रीफेनस्टाल यांचा ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ १९३५ मध्ये प्रदर्शित झाला. जे घडले तेच टिपले, असे या बाई पुढे सांगत राहिल्या. प्रत्यक्षात कॅमेऱ्यांसाठी रूळ टाकले होते, ध्वजस्तंभावर लिफ्ट बसवली होती. चित्रपट अधिवेशनासाठी की अधिवेशन चित्रपटासाठी, असा प्रश्न पडावा!

पुढे महायुद्धात अमेरिकन सैनिकांना लढण्याचे कारण समजावण्याचे काम जनरल मार्शल यांनी दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्याकडे सोपवले. तो जर्मन चित्रपट पाहून काप्रा हादरले. पण त्यांनी शत्रूचीच दृश्ये उचलली, त्यांवर आपले निवेदन चढवले आणि ‘व्हाय वुई फाइट’ ही सात चित्रपटांची मालिका उभी केली. तेच संचलन, तोच हिटलर. जर्मनांना जेथे वैभव दिसले, तेथे अमेरिकन सैनिकाला संकट दिसले. इंग्रजांनी तर हीच दृश्ये मागेपुढे फिरवून नाझी सैनिकांना ‘लँबेथ वॉक’च्या तालावर नाचवले.

भारताने निवडलेला मार्ग वेगळा होता. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांची भारतावरील ‘फँटम इंडिया’ ही सात भागांची मालिका १९७० मध्ये बीबीसीने दाखवली. देशाचे दारिद्र्यच जगापुढे मांडले, म्हणून संताप झाला आणि सरकारने बीबीसीचे दिल्लीतील कार्यालय बंद केले. त्यातील दारिद्र्य खोटे नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. वाद होता तो काय निवडले आणि काय वगळले, याचा. बंदीने त्या वादाचे उत्तर मिळाले नाही. कार्यालय पुन्हा उघडले. चित्रपट आजही अभ्यासले जातात.

उत्तर देण्याचे साधन आपल्याकडे नव्हते, असेही नाही. १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजन मुंबईत काम करीत होती. तिचे माहितीपट प्रत्येक चित्रपटगृहात सक्तीने दाखवले जात आणि प्रेक्षक तेवढ्या वेळात आपली खुर्ची शोधत असे! सक्तीने प्रेक्षक मिळतो, त्याचे मन मिळत नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणूनच कार्यकर्त्याने आपल्या बाजूचा माहितीपट पाहतानाही विचारावे, हे दृश्य कोठले, कधीचे, त्याच्या आधी-नंतर काय होते? काप्रा यांच्यासारखे उत्तर द्यायचे, तर मूळ चित्रण हाताशी असावे लागते. आणि तारीख, स्थळ नोंदवून ते जपण्याची सवय आपल्याकडे अजून फार थोड्यांना आहे.