मच्छरदाणी गावात, माणूस डोंगरावर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बांगलादेशातील हिवतापाचे नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण रांगामाटी, खागराछडी आणि बांदरबन या तीन डोंगराळ जिल्ह्यांत आढळतात. तेथील चाकमा, मारमा, म्रो, त्रिपुरा हे लोक पिढ्यान्‌पिढ्या झूम, म्हणजे फिरती शेती करीत आले आहेत. सुशिक्षित माणूस यावरून चटकन निष्कर्ष काढतो : शेती मागासलेली, म्हणून रोगही मागासलेपणाचा. हा निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे.

झूममध्ये हिवाळ्याच्या अखेरीस उतारावरील रान तोडावयाचे, मार्च-एप्रिलमध्ये जाळावयाचे आणि पहिल्या पावसानंतर राखेत भात, तीळ, कापूस यांचे बी एकत्र टोकावयाचे. पुढे निंदणी आणि राखण. शेत गावापासून दूर, म्हणून कुटुंबे ऐन पावसाळ्यात शेतातल्याच बांबूच्या खोपीत राहतात. हिवतापाचा हंगामही नेमका तोच. जंगलातला ॲनॉफिलीस डास उघड्यावरही चावतो. मच्छरदाणी मात्र गावातल्या घरी टांगलेली!

२००८ साली देशात ८४ हजारांहून अधिक रुग्ण होते. औषध भारलेल्या मच्छरदाण्या आणि गावोगावचे प्रशिक्षित आरोग्यसेवक यांच्या बळावर २०२० साली ही संख्या सहा हजारांच्या आसपास आली. २०२२ साली ती पुन्हा अठरा हजारांवर गेली. मिळालेले यश खरे, पण ते किती नाजूक आहे तेही यावरून दिसते.

आणि हे लोक डोंगरावर रेटले गेले कसे? १९६२ साली पूर्ण झालेल्या कापताई धरणाने सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन, म्हणजे त्या प्रदेशातील नांगरटीच्या जमिनीचा सुमारे ४० टक्के भाग बुडविला. सुमारे एक लाख माणसे उठली. वीज खाली मैदानात गेली, माणसे वर डोंगरात गेली. कित्येक चाकमा कुटुंबे तर सीमा ओलांडून आजच्या अरुणाचल प्रदेशात आली. १९७९ पासून सरकारने मैदानातील भूमिहीनांना आणून याच डोंगरांत वसविले. जमीन आकसली. पूर्वी दहा-पंधरा वर्षे विसावणारे रान आता तीन-चार वर्षांतच पुन्हा तोडावे लागते.

म्हणून झूमवर बंदी घाला, ही मागणी रोग्यालाच शिक्षा करणारी आहे. पेरणीपूर्वी प्रत्येक खोपीसाठी वेगळी मच्छरदाणी द्या. रक्ततपासणी आणि औषधे घेऊन, त्यांचीच भाषा बोलणारा आरोग्यसेवक डोंगरावर पाठवा. आणि गेलेल्या जमिनीचा प्रश्न सोडवा. ज्यांचे शेत हिरावले, त्यांना निदान तापाने तरी मरू देऊ नका.