एकाच रात्रीचे तीन धोके

जोतिबाची मोठी यात्रा चैत्रात, रखरखत्या उन्हात. पण श्रावण षष्ठीला डोंगरावर चोपडाईदेवीची यात्रा भरते, ती ऐन पावसात. मला तिची काळजी अधिक वाटते. पाऊस, रस्त्यासाठी तोडलेली दरड आणि गर्दी यांचा हिशेब आपण वेगवेगळा मांडतो. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीने शेजारच्या पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला. यात्रेच्या रात्री तसे झाले, तर भाविकांच्या गाड्या आणि रुग्णवाहिका एकाच घाटात अडकतील. मांढरदेवीला २००५ मध्ये निसरड्या पायऱ्या, चेंगराचेंगरी आणि दुकानांची आग एकत्र आली. सुमारे ३०० भाविक दगावले. म्हणून कितव्या इशाऱ्याला गाड्या पायथ्याशी थांबवायच्या, हे यात्रेआधीच ठरलेले असावे.