हो म्हनाले पैसे लागते का?

मोर्शी तालुक्यातल्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या आम्ही आज तुमच्याशी बोलतो आहोत.

मागच्या वर्षी आमच्या एका गटात सर्वेक्षण झालं. प्रश्न होता, बकऱ्यांसाठी 20 हजारांचं कर्ज मिळालं तर घ्याल का? दहाही जणींनी हो म्हटलं. अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा दोघीच पुढे आल्या. आम्ही चिडलो. आपल्या बायांना धाडसच नाही, असं बोलूनही गेलो. तेव्हा एक काकू हसून म्हणाल्या, "ताई, हो म्हनाले पैसे लागते का? बकरी मेली त हप्ता कोन भरन?"

काकूंचं म्हणणं आपल्या वऱ्हाडातच फार पूर्वी तपासून झालं आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं 1975 पासून अकोला जिल्ह्यातल्या कंझरा आणि किनखेडा या गावांचा, तसाच सोलापूर आणि महबूबनगरकडच्या गावांचाही अभ्यास केला. तिथले हान्स बिन्सवेंगर यांनी 240 घरांत लोक जोखीम किती घेतात ते दोन रीतींनी पाहिलं. आधी नुसते प्रश्न विचारले. मग खरे पैसे ठेवून नाणं उडवलं. छापा येवो की काटा, 50 पैसे नक्की घ्या. नाहीतर एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला 2 रुपये. मधलेही पर्याय होते. पुढे हेच आकडे वाढवत 50 आणि 200 रुपयांपर्यंत नेले. त्या काळी मजुराला महिनाभरातही एवढे मिळत नव्हते.

निकाल 1980 साली छापून आला. तोंडी उत्तरं आणि नाण्याच्या खेळातली निवड यांचा मेळच बसला नाही. विचारणारा माणूस बदलला की उत्तरही बदलायचं. रक्कम मोठी झाल्यावर मात्र जवळपास सगळेच जपून वागले. त्यात गरीब आणि श्रीमंत असा मोठा फरक दिसला नाही. म्हणजे गरीब माणूस नवं काही करत नसेल, तर त्याचा स्वभावच भित्रा आहे असं नाही. त्याला कर्ज, बाजार आणि माहिती सहज मिळत नाही, हे खरं कारण.

हे वाचून आम्हाला आमचं बोलणं आठवलं आणि लाज वाटली. प्रश्न विचारला तेव्हा आम्ही समोरच बसलो होतो. नाही कोण म्हणणार?

मग आम्ही दोन गोष्टी बदलल्या. आता कर्जाबद्दल एकेकीला वेगळं विचारतो. आणि दर बैठकीला प्रत्येकीचे 10 रुपये बाजूला ठेवतो. जिची बकरी मरेल, तिचा हप्ता त्यातून भरायचा. त्यानंतर आणखी चौघींनी अर्ज भरला. त्यात त्या काकूही आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोणी मागे राहिली तर तिला भित्री म्हणू नका. बुडालं तर तिला सावरणारं कोण आहे, ते आधी पाहा.